कोंबड्यांच्या पायाखाली काय घालावे?

पूर्ण वाढलेली एक कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२५ ग्रॅम विष्ठा टाकते आणि त्यातले तीन-चतुर्थांश वजन नुसत्या पाण्याचे असते. म्हणजे परसात दहा कोंबड्या असतील तर त्या महिन्याला पंचवीसेक लिटर पाणी खुराड्यात आणि त्यापुढच्या कुंपणात ओततात. पाऊस, सांडलेले पाणी आणि हवेतला दमटपणा वेगळा. कोंबड्या पाळायला निघालेला माणूस गिरिराज घ्यावी की वनराज की कडकनाथ, यावर महिनाभर खल करतो. जाळी अर्ध्या इंचाची की पाऊण इंचाची, यावर आठवडा घालवतो. जमिनीवर काय पसरायचे हे मात्र पक्षी घरी आल्यावर, दिवेलागणीला, हाताशी जे असेल त्यावर ठरते. पुढची सगळी रड तिथून सुरू होते, कारण वास, माश्या, आजार, अंड्यांना लागणारी घाण आणि शेजाऱ्यांशी असलेले संबंध या सगळ्यांचे मूळ त्या पंचवीस लिटर पाण्याची वाट कशी लावली, यात असते.

पक्ष्यांना वेगळी लघवी नसते. शरीराला नको असलेला नायट्रोजन आपण युरियाच्या रूपाने पाण्यात विरघळवून टाकतो, कोंबडी तो युरिक आम्लाच्या रूपाने टाकते. विष्ठेवर जो पांढरा भाग दिसतो तो हाच. कोरडा राहिला तर तो कुणाचे काही बिघडवत नाही. ओल मिळाली की जिवाणू त्याचा फडशा पाडायला लागतात आणि त्यातून अमोनिया सुटतो. सकाळी दार उघडल्यावर डोळे चुरचुरतात ते त्याच्यामुळे. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे २५ भाग, ही कोंबड्यांच्या घरासाठी साधारण मर्यादा मानली जाते. त्यापुढे श्वासनलिकेतली धूळ आणि जंतू बाहेर लोटणारी सूक्ष्म लव निकामी होऊ लागते, डोळे सुजतात आणि सर्दी-खोकल्याच्या रोगांना दार उघडे होते. आपल्या नाकाला हा वास मर्यादेच्या आतच कळतो, पण नाक फार लवकर सरावते. रोज आत जाणाऱ्याला काही जाणवत नाही आणि आलेला पाहुणा रुमाल शोधतो. अशा वेळी पाहुण्याचे खरे मानावे. शिवाय आपले नाक पाच फुटांवर असते आणि कोंबडीचे जमिनीपासून वीत-दीड वीत. वासाची परीक्षा उकिडवे बसूनच करायला हवी.

तेव्हा पायाखालच्या गादीचे काम दोन भागांचे आहे. तिने ओल घ्यायची आणि ती हवेला परत द्यायची. दुकानदार आणि सल्लागार पहिल्या भागाबद्दलच बोलतात, अमुक वस्तू किती पाणी शोषते वगैरे. माझ्या मते दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. पाणी पिऊन बसणाऱ्या वस्तू आपल्याकडे ढिगाने आहेत. प्यायलेले पाणी दुपारच्या वाऱ्यावर मोकळे करणाऱ्या थोड्या आहेत, आणि गादी निवडायची ती त्यांतून. गादीत २० ते २५ टक्के ओल असणे चांगले. याहून फार कोरडी झाली तर धूळ उडते, ३०-३५ टक्क्यांच्या पुढे गेली तर ढेपा धरतात. हे मोजायला यंत्र लागत नाही. मूठभर गादी घट्ट दाबून मूठ उघडावी. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त झाली. गोळा होऊन लगेच फुटला तर ठीक. काहीच न धरता सगळे बोटांतून ओघळले तर फार कोरडे.

या कसोटीला आपल्याकडे सगळ्यांत चांगले उतरते ते भाताचे तूस. साळीच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग तूस असते, त्यामुळे जिथे भात तिथे त्याचे डोंगर. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीतल्या राईस मिल असोत की मावळातल्या आणि कोकणातल्या गावगिरण्या. तुसात सिलिका भरपूर, म्हणून ते लवकर कुजत नाही आणि दबूनही होडीसारखा आकार सोडत नाही. त्या आकारामुळे दाण्यादाण्यांत हवा खेळते. रंध्याच्या ढलप्यांइतके पाणी ते पीत नाही, हे खरे. पण जे घेते ते लवकर सोडते. राज्यातल्या ब्रॉयलर शेडमध्ये जमिनीवर तूस दिसते ते उगीच नाही. अलीकडे बॉयलरचे जळण आणि वीटभट्ट्या यांनाही तूस हवे असते, त्यामुळे ते पूर्वीसारखे मागाल तेवढे फुकट मिळत नाही, पण परसातल्या दहा-वीस पक्ष्यांना लागून किती लागणार?

तूस आणताना गिरणीवाल्याला एक गोष्ट विचारायची. जुन्या पद्धतीच्या हलरवर भात कांडला की तूस, कोंडा आणि कणी एकत्र बाहेर पडतात. रबरी रोलच्या शेलरवर तूस वेगळे निघते आणि पुढे पॉलिश करताना कोंडा वेगळा. आपल्याला शेलरचे तूस हवे. कोंड्यात तेल असते, पोषण असते. ओल लागली की त्याला बुरशी आणि किडे धरतात, वर कोंबड्या सगळी गादी उकरून त्यातला कोंडा खात बसतात. पोत्यात हात घालून पाहिला आणि तळव्याला पिठूळ, तेलकट पूड चिकटली तर ते पोते गाईम्हशींकडे पाठवावे.

तुसाचा एक दोष पिल्लांच्या बाबतीत दिसतो. दोन-तीन दिवसांच्या पिल्लाला खाद्य कोणते आणि गादी कोणती हे कळत नाही, ते चोचीला लागेल ते गिळते. म्हणून सुरुवातीचे दिवस तुसावर कागद अंथरून त्यावर खाद्य भुरभुरतात. कागद खरबरीत हवा. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पिल्लांचे पाय फाकतात आणि फाकलेले पाय आपोआप सहसा सुधारत नाहीत. खाद्याची भांडी ओळखू लागली की कागद काढून टाकावा.

तूस मिळत नसेल तर सुताराच्या रंध्याखालून निघणाऱ्या कुरळ्या ढलप्या उत्तम, काही बाबतींत तुसापेक्षाही सरस. पण आज सुताराकडे निघते ते बहुतेक प्लायवूड आणि एमडीएफचे पीठ, त्यात गोंद आणि रसायने. तो भुसा परसात आणू नये. लाकडाच्या वखारीतला करवतीचा भुसा चालतो, मात्र तो जाडसर आणि वाळलेला हवा. ओल्या लाकडाचा ताजा भुसा पोत्यात दोन दिवस ठेवला तरी आतून गरम होतो आणि पांढरी बुरशी धरतो. बुरशी आलेली कुठलीही गादी पिल्लांना जीवघेणी असते. ॲस्परजिलस जातीच्या बुरशीचे बीजाणू फुप्फुसात गेले की पिल्ले चोच उघडून धापा टाकतात आणि पटापट मरतात. यावर परसात करण्यासारखा उपचार नाही. सागाचा बारीक भुसाही टाळलेला बरा, त्याची धूळ माणसाच्या नाकाला आणि कातडीलाही त्रास देते.

शेंगांची टरफले उचलायला लोकमान्यांनी नकार दिला हे मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कोंबड्या पाळणाऱ्याने ती उचलावीत, पण नीट पाहून. खानदेशात आणि सोलापूर भागात शेंगा फोडणाऱ्या गिरण्यांवर ती पोत्यांनी मिळतात. हलकी असतात, ओलही बऱ्यापैकी घेतात. भीती बुरशीची. भुईमुगावर वाढणारी ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते आणि टरफलात अडकलेले कुजके दाणे कोंबड्या आवडीने वेचतात. काळपट, कुबट वास येणारी टरफले सरळ चुलीत घालावीत.

पश्चिम महाराष्ट्रात कोणालाही आधी आठवते ते उसाचे चिपाड. रसवंतीवाला ते फुकट देतो, कारण त्यालाही ते कुठेतरी टाकायचेच असते. माझे मत विचाराल तर खुराड्यात ते घालू नये. त्यात साखर उरलेली असते. पहिल्या दिवशी मुंग्या येतात, चौथ्या दिवशी आंबूस वास येतो, आठव्या दिवशी त्याची चटई होते. ते पाणी भरपूर पिते आणि सोडत मात्र नाही. उसाचे वाळलेले पाचट त्यापेक्षा बरे, कुट्टी करून घेतले तर. लांब पाने किंवा भाताचा अखंड पेंढा टाकला की कोंबड्यांना तो उकरता येत नाही आणि वर कोरडी, खाली चिकट अशी दोन मजली घाण तयार होते. पेंढा वापरायचा तर दीड-दोन इंचांचे तुकडे करूनच.

विदर्भात सोयाबीनचे कुटार आणि गव्हाचा भुसा हाताशी असतो. तो जनावरांच्या तोंडचा घास आहे, दुष्काळी वर्षात तो कोंबड्यांच्या पायाखाली घालणे कुणालाच पटणार नाही आणि पटूही नये. कोकणात काथ्याचा भुसा मिळतो. तो स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो. रोपवाटिकेत हाच त्याचा गुण आणि खुराड्यात हाच दोष, विशेषतः जुलै महिन्यात, जेव्हा दोरीवरचे कपडेसुद्धा वाळत नाहीत. नारळाची सोडणे मात्र बाहेर कुंपणात फार उपयोगी पडतात. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

वाळूचे काही जण फार गुणगान करतात. वाळू कुजत नाही, लवकर सुकते, मांजराच्या पेटीतल्या वाळूसारखी रोज चाळून साफ करता येते. पाचसहा पक्षी, कोरडी हवा आणि रोज सकाळी दहा मिनिटे द्यायची तयारी असेल तर वाळू चांगलीच. पण नदीची वाळू आता महाग आहे आणि तिच्या उपशावर निर्बंध आहेत. समुद्राची वाळू खारट, हवेतली ओल ओढून घेणारी. खडी क्रशरवरची कृत्रिम वाळू घ्यायची तर तिच्यातली बारीक पूड चाळून काढावी लागते, नाहीतर तीच पूड पक्ष्यांच्या आणि आपल्या छातीत जाते. उन्हात वाळू तापते, हे नागपूर-अकोल्याकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको. आणि वाळूतून खत मिळत नाही. माझ्या दृष्टीने हा शेवटचा मुद्दाच तिला मागे टाकतो.

आतापर्यंत आपण छपराखालच्या जागेबद्दल बोललो. खुराड्यापुढच्या, जाळीने वेढलेल्या उघड्या जागेचा हिशेब निराळा आहे, आणि सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. आतले तूस चांगले वाटले म्हणून बाहेरही चार पोती ओतली जातात. मृगाच्या पहिल्या दोन सरींत त्याचा लगदा होतो. उघड्या आभाळाखाली बारीक आणि शोषणारी वस्तू कधीच टाकू नये. तिथे पाणी शोषायचे नसून वाहून जाऊ द्यायचे असते.

म्हणून बाहेर आधी माती पाहावी. कोकणातल्या जांभ्यात पाणी झिरपते, तिथे मुसळधार पाऊस होऊनही उघडीप मिळाली की अंगण तासाभरात मोकळे होते. मराठवाड्यातल्या काळ्या मातीवर पाऊस कितीतरी कमी, पण ती फुगते, पाणी धरते आणि कोंबड्यांच्या नख्यांत चिखलाचे गोळे होतात. हे गोळे वाळून दगडासारखे झाले की पायाला जखमा होतात, जखमेतून जंतू शिरले की तळव्याला गाठ येते आणि पक्षी लंगडतो. काळ्या जमिनीवर कुंपण घालायचे असेल तर जागा आजूबाजूपेक्षा निदान वीतभर उंच करावी, वर मुरूम टाकून धुमसावा, एका बाजूला उतार द्यावा आणि उताराच्या खाली चर काढावा. पत्र्याच्या पागोळ्या कुंपणात पडत असतील तर पन्हळ लावून ते पाणी बाहेर काढावे. या कामाला दोन दिवस लागतात आणि गादीच्या दहा पोत्यांनी जे साधणार नाही ते याने साधते.

या मुरमावर जाडीभरडी वस्तू हवी. झाडांच्या फांद्यांचे यंत्रातून काढलेले तुकडे मिळाले तर त्यांना तोड नाही. शहरांत पावसाळ्यापूर्वी रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी होते, तेव्हा विचारणा केली तर ते मिळूही शकतात. तुरीच्या पट्ट्यात तुराट्या कुटून वापरता येतात, मात्र टोके बोचरी राहू देऊ नयेत. कोकणात नारळाची सोडणे तोडून पसरावीत. याखेरीज वाळका पाला आहेच. फाल्गुन-चैत्रात गृहसंस्थांच्या आवारात पाल्याचे ढीग जाळले जातात. ती पोती कोंबडीवाल्यांनी उचलली तर धूरही वाचेल आणि गादीही मिळेल. सागाचे पान ताटाएवढे असते, एकावर एक बसले की मध्ये पाणी साचते, म्हणून तो पाला चुरून टाकावा. आंबा, फणस, बांबू यांचा पाला तसाच चालतो. कण्हेरीचे पान मात्र ढिगात चुकूनही नको, ते विषारी आहे.

पाल्याचा आणि कोंबडीचा संबंध फार जुना आहे. आपली पाळीव कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्यापासून आली, आणि तो जंगलात पडलेला पाला उकरून किडे-बिया वेचणारा पक्षी आहे. सह्याद्रीत आढळतो तो राखी रानकोंबडा वेगळ्या जातीचा. पण पाळीव कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो ते या राखी रानकोंबड्याकडून आले असावे, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. म्हणजे पिवळ्या पायांच्या कोंबडीत आपल्या घाटातला थोडा अंश आहे. सांगायचा मुद्दा असा की उकरणे आणि धुळीत लोळणे ही तिची गरज आहे. उकरायला काही नसलेली कोंबडी शेजारणीची पिसे उपटते. कुंपणात एका कोपऱ्याला, छपराखाली, कोरडी माती आणि चुलीची चाळलेली राख यांची एक पेटी ठेवली की ती तिथे मनसोक्त धूळस्नान करते, आणि पिसांतल्या उवा-लिखांचा बंदोबस्त तिचा तीच करते.

पुन्हा आत येऊ. गादी किती दिवसांनी बदलावी, हा प्रश्न सगळे विचारतात. एक रीत म्हणजे पातळ थर टाकून दर आठवड्याला झाडून काढणे. दुसरी, जिला आपल्याकडे गादी पद्धत म्हणतात, तिच्यात सुरुवातीला चार इंचांचा थर टाकायचा, तो हलवत राहायचा, वरून थोडे थोडे नवे घालत सहा-आठ इंचांपर्यंत न्यायचा आणि वर्षभर पूर्ण उपसायचा नाही. ऐकायला हे गलिच्छ वाटते. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या वूस्टरच्या कृषी प्रयोग केंद्रात डी. सी. केनार्ड यांनी १९४० च्या दशकात याचा पाठपुरावा केला. गादी नेमाने बदलायच्या तीन वर्षांत त्यांच्याकडे पिल्लांची मरतूक सरासरी १९ टक्के होती, जुनी गादी तशीच ठेवून वाढवत नेली त्या पुढच्या तीन वर्षांत ती ७ टक्क्यांवर आली. ही तुलना काटेकोर म्हणता येणार नाही, आधीची वर्षे आणि नंतरची वर्षे एवढेच तिचे स्वरूप. पण त्यामागची कारणे पुढे बरीच उलगडली. मुरलेल्या गादीत जिवाणूंची दाट वस्ती होते. त्यांतले काही ब-१२ जीवनसत्त्व तयार करतात, जे १९४८ मध्ये पहिल्यांदा वेगळे काढता आले, आणि उकरता उकरता कोंबडीला ते मिळते.

दुसरे कारण रक्ती हगवणीचे. हा रोग कॉक्सिडिया या एकपेशीय परजीवीमुळे होतो आणि तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना सर्वांत जास्त गाठतो. आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेले त्याचे बीज लगेच रोग देत नाही. त्याला ऊब, हवा आणि ओल मिळाली तर एक-दोन दिवसांत ते पिकते आणि मग पोटात गेले की आतड्याची चाळण करते. ऊब आणि हवा आपण काढून घेऊ शकत नाही. हातात राहते ती ओल. कोरड्या गादीत थोडेच बीज पिकते, ते थोडे पोटात गेले की पिल्लू आजारी न पडता प्रतिकारशक्ती कमावते. ओल्या गादीत तेच बीज लाखांनी पिकते आणि चार दिवसांत खुराडे रिकामे होते. औषधाची बाटली आणण्यापूर्वी गादी मुठीत दाबून पाहावी, असे मी म्हणतो ते यासाठी.

गादी पद्धतीत विष्ठेतला नायट्रोजन आणि तुसातला कर्ब यांचे प्रमाण सांभाळावे लागते. कोंबड्या जास्त आणि जागा कमी असेल तर कितीही तूस घाला, वास येणारच. खुराड्यात एका पक्ष्याला निदान दोन चौरस फूट आणि बाहेर आठ-दहा चौरस फूट जागा असावी. आठवड्यातून दोनदा दाताळ्याने गादी वरखाली करावी. हे काम कोंबड्यांकडूनच करून घेता येते, संध्याकाळी मूठभर ज्वारी गादीवर फेकली की त्या तळापर्यंत उकरतात. ढेपा झाल्या असतील तेवढ्या उचलून टाकाव्यात, सगळी गादी काढायची गरज नसते.

वास आला की चुना मारायची आपल्याकडे पद्धत आहे. त्यात थोडे तथ्य आहे, पण त्यातले रसायनशास्त्र समजून घ्यावे. अमोनिया आम्लधर्मी गादीत अडकून राहतो आणि चुन्याने ती अल्कधर्मी झाली की सुटून बाहेर पडतो. म्हणून चुना टाकल्यावर सुरुवातीला वास वाढतो. पुढे गादी कोरडी होते, जंतू कमी होतात आणि वास ओसरतो. तेव्हा चुना टाकायचा तर कोंबड्या बाहेर असताना, दारे-खिडक्या उघड्या ठेवून, विरलेला आणि वाळलेला, हलक्या हाताने भुरभुरून गादीत मिसळावा. कळीचा चुना कधीही नको, ओल लागताच तो तापतो आणि पाय भाजतो. राखसुद्धा अल्कधर्मीच असते. धूळस्नानाच्या पेटीत ती शोभते, ओल्या गादीवर टोपलीभर राख ओतून काही साधत नाही.

त्याहून सोपे दोन उपाय आहेत. कोंबडीची जवळजवळ निम्मी विष्ठा रात्री, दांडीवर बसलेली असताना पडते. दांडीखाली एक जुना पत्रा किंवा फळी ठेवून रोज सकाळी ती खरवडली तर गादीवरचा निम्मा भार गेला. दुसरा उपाय पाण्याच्या भांड्याचा. भांडे गादीवर ठेवलेले असते, त्यात कोंबडी पाय घालते, भांडे कलंडते आणि नेमका तेवढाच भाग चिकट होतो. भांडे कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर विटांवर ठेवावे, खाली खडी पसरावी, शक्य असेल तर ते बाहेर कुंपणातच असावे.

उन्हाळ्यात जाड गादी त्रासाची ठरते, कारण मुरणारी गादी स्वतः थोडी ऊब सोडते आणि कोंबडीला घाम येत नाही, तिला धापा टाकूनच अंग थंड करावे लागते. पारा ४२-४५ वर जातो त्या भागांत एप्रिल-मेमध्ये थर दोन-तीन इंचांवर आणावा. हिवाळ्यात पिल्लांना ऊब द्यायला जो बल्ब टांगतात तो साखळीने किंवा तारेने पक्का बांधावा. कोरड्या तुसावर पडलेला तापलेला बल्ब एका रात्रीत सगळे जाळू शकतो. अंडी घालायच्या टोपलीत स्वच्छ तूस किंवा पेंढ्याची कुट्टी पुरते. कडुनिंबाचा पाला घालायची रीत चांगली आहे, निदान पाला बदलायच्या निमित्ताने टोपली साफ होते.

गादी आणायची ती गिरणीतून किंवा वखारीतून, दुसऱ्याच्या पोल्ट्रीतून नाही. ब्रॉयलर शेड रिकामी झाल्यावर तिथले वापरलेले तूस किंवा खाद्याची जुनी पोती स्वस्तात मिळतात. त्यांच्याबरोबर मानमोडी, रक्ती हगवण आणि आणखी काय काय घरी येते. देशात बर्ड फ्लूची पहिली नोंद २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाली, आणि त्या वेळी पक्ष्यांबरोबर त्यांची गादीही नष्ट करावी लागली होती. संसर्ग पायाखालून जातो हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले. तुसाची पोती घराला लागून जमिनीवरही रचू नयेत, उंदीर घर करतात आणि उंदरांमागे साप येतात.

वर्षभर मुरलेल्या गादीत नायट्रोजन सुमारे ३ टक्के, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी २ टक्क्यांच्या आसपास असते. शेणखतात नायट्रोजन जेमतेम अर्धा टक्का. पण ही गादी ताजी असताना झाडाच्या बुंध्याशी टाकली तर मुळे करपतात. दोन-तीन महिने खड्ड्यात, मधूनमधून पाणी शिंपडून कुजवली की ती माडाला, केळीला, वांग्या-मिरचीला देता येते.

गादी पद्धत सुरू करायची ती कोरड्या हंगामात, कारण तुसात जिवाणूंचा जम बसायला दोनेक महिने जातात आणि पावसाळ्यात टाकलेली नवी गादी जम बसण्याआधीच ओली होते. भाताची कापणी-मळणी होऊन गिरण्या दिवाळीनंतर भरात येतात, तूस तेव्हाच ताजे, कोरडे आणि स्वस्त असते. जूनमध्ये धावपळ करून आणलेले पोते बहुधा ओलसरच निघते. म्हणून कोंबड्या पुढच्या वर्षी घ्यायच्या असतील तरी तुसाची पोती या हिवाळ्यातच भरून, फळ्यांवर, कोरड्या जागी रचून ठेवा.